तिसरा फोन

९ सप्टेंबर

प्रिय,

तू पोहोचल्याचं कार्ड आलं त्याला तीन आठवडे झाले. त्यानंतर काही नाही. समजू शकतो मी. तुझ्या ताई गेल्या, घर आवरायचं, त्यांच्या ठकीकडे बघायचं, त्यात पत्र लिहायला फुरसत कुठून मिळणार. तरी कामावरून आलो की जिन्याखालच्या पत्रपेटीत हात घालून बघतोच. घरमालकीणबाई दारातूनच मान हलवतात. त्यांना आता विचारावंही लागत नाही.

इकडे ठीक आहे. स्वयंपाक करतो, म्हणजे भाजी चिरून स्टोव्हवर ठेवतो. भाजी, स्टोव्ह आणि मी, तिघांपैकी कोणालाच त्यात आनंद नसतो.

लॅबमध्ये काम भरपूर. परवा एका बाईंची कवळी तिसऱ्यांदा परत आली. डॉक्टरांनी पाठवलेलं माप बरोबर, प्लॅस्टरचा साचा बरोबर, दात मी स्वतः मेणात एकेक करून बसवलेले. पण बाई म्हणतात, हे माझं हसू नाही. आमचे म्हातारे मालक म्हणाले, त्यांना सांगा, आम्ही दात बनवतो, हसू ज्याचं त्याने आणायचं. सगळे हसलो. तुला सांगायचं म्हणून घाईघाईने जिना चढलो आणि वर कुलूप बघितलं तेव्हा आठवलं.

या महिन्यात आपल्याला या शहरात येऊन पाच वर्षं होतात. मला तो पहिला दिवस हल्ली फार आठवतो. दोन पेट्या, एक गादी, आणि खिडकी उघडली की हाताला लागेल अशी समोरच्या इमारतीची भिंत. तू पेटीवर बसलीस आणि विचारलंस, "इथे ऊन कुठून येतं?" मी म्हणालो, येईल. अजून यायचंय.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. पहिले तीनेक महिने तू संध्याकाळी रडायचीस. मी आलो की थांबायचीस, नळ सोडून तोंड धुवायचीस. पण जिन्यात ऐकू यायचं. मी दुसऱ्या मजल्यावर उभा राहायचो, तुझं होईपर्यंत. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. शेजारच्यांना वाटायचं मी दम खातोय. मग तू टेलिफोन खात्याची परीक्षा दिलीस, ऑपरेटर म्हणून निवड झाली, आणि माझं जिन्यात थांबणं सुटलं.

तुमच्या एक्सचेंजमधल्या मोठ्या बाईंचा निरोप आहे. रजा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाढवून दिली आहे, त्यापुढे त्यांच्या हातात नाही. कधी येतेस ते कळव. ठकी कशी आहे? एकोणीस वर्षांच्या मुलीने आईबापांशिवाय घरात एकटं राहायचं म्हणजे कठीण. तिला इकडे घेऊन आलीस तरी चालेल. जागा करू.

तुझा


२१ सप्टेंबर

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. एका पानाचं का होईना, पत्र.

ठकीने तुला विचारलं की आईच्या ऑपरेशनच्या वेळी मावशी, तू का आली नाहीस. तू सांगितलंस, मला कोणी कळवलंच नव्हतं. त्यावर ती म्हणाली, आईने लॅबवर फोन केले होते. आणि आता तू मला विचारतेस, 'ताईने तेव्हा फोन केले होते का? काय ते स्पष्ट लिहा.'

अगं, साडेचार वर्षं झाली त्याला. लॅबमध्ये दिवसाला पन्नास फोन येतात. फोन दारापाशी, त्याला लागून पॉलिशचं मशीन, निम्मं बोलणं त्या घरघरीत जातं. एखादा फोन आला असेल. तब्येत बरी नाही असं काहीसं त्या म्हणाल्या असतील आणि मी तुला सांगायचं विसरलो असेन. माणूस विसरतो. मुद्दाम कोण कशाला करेल? ऑपरेशन झाल्याचं ताईंचं कार्डच आलं होतं ना नंतर. ते आलं तेव्हा तूही काही फार बोलली नव्हतीस.

ठकी तेव्हा लहान होती, पंधरा वर्षांची. त्या वयात एकाचे दहा होतात. तिचं मनावर घेऊ नकोस.

नळ पुन्हा गळायला लागलाय. खिडकीखालच्या भिंतीला ओल आली आहे, घरमालकीणबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, मीही बघितली आहे. एवढंच. बघितली म्हणजे काम झालं असं त्यांचं असतं.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. त्यामुळे अक्षर असं आलंय.

तुझा


२ ऑक्टोबर

प्रिय,

मागचं पत्र खोटं होतं. ते ठकीला दाखवलं नसशील तर दाखवू नकोस.

फोन तीन आले. एकाच आठवड्यात. सगळं जसं झालं तसं लिहितो.

पहिला सोमवारी. ताईंनी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला होता. मालकांनी मला हाक मारली आणि मशीन बंद केलं, त्यामुळे घरघरीचं मी जे लिहिलं तेही खरं नाही. प्रत्येक शब्द नीट ऐकू आला. पोटात गाठ आहे, पुढच्या सोमवारी ऑपरेशन, दवाखान्यात जवळचं मोठं माणूस हवं म्हणतात. ठकीचे वडील असते तर प्रश्न नव्हता. पत्र वेळेत पोहोचायचं नाही म्हणून फोन केला. पंधरा दिवस तिला पाठवा. मी म्हणालो, आज सांगतो.

सांगणारच होतो. पण त्या दिवशी तू जिन्यात गुणगुणत वर आलीस. केसांवर त्या हेडफोनची दाबलेली खूण होती. बोर्डावर कोण कसं बोलतं, कोण मुलीशी बोलताना आवाज बदलतो, अशा नकला तू जेवताना करून दाखवल्यास. इथे आल्यापासून तुला इतकं हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. म्हटलं, उद्या सांगू.

दुसरा फोन बुधवारी. मी म्हणालो, ट्रेनिंग चालू आहे, रजेचं विचारतोय. मी कोणालाच विचारलं नव्हतं.

तिसरा शुक्रवारी दुपारी. मी म्हणालो, ती नाही येऊ शकणार. ताई म्हणाल्या, "बरं. तिला यावरून काही बोलू नका. तिचं काम नीट होऊ दे." मला वाटलं, आता ठेवतील. तर त्यांनी विचारलं, "तिचा खोकला गेला का?" मी म्हणालो, गेला. मग त्यांनीच फोन ठेवला.

का केलं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तुझ्या नोकरीसाठी. ट्रेनिंगच्या सहा महिन्यांत खाडा झाला तर नाव कमी होतं, हे खरंच होतं. पण ते कारण नव्हे. मी घाबरलो होतो. मला वाटलं, तू एकदा तिकडे गेलीस की परत येणार नाहीस. कोण येईल या खोलीत परत? मी जिन्यात उभं राहून ऐकलं होतं ना सगळं. आणि तू आली नसतीस तर मला वडिलांच्या दुकानात परत जावं लागलं असतं, ज्या दुकानातून मी मोठ्या तोंडाने भांडून निघालो होतो. एवढं साधं आहे. तुझ्या बहिणीचं ऑपरेशन आणि माझं नाक, यात मी नाक वाचवलं.

ताईंचं कार्ड आलं तो दिवस आठवतो. 'छोटंसं ऑपरेशन झालं, आता बरी आहे, काळजी नसावी.' तू खिडकीपाशी उभी राहून वाचलंस आणि एवढंच म्हणालीस, "कळवायचं तरी." मी खाली बघून बूट पुसत राहिलो. पुसलेलेच बूट.

पुढच्या वर्षी आपण त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ठेवणीतले कप काढले, आपल्याला आधी वाढलं, निघताना दारापर्यंत आल्या. सगळं पाहुण्यांसारखं. परतीच्या गाडीत तू म्हणालीस, "ताई बदलली." मी तुझ्या शेजारीच होतो. सहा तासांचा प्रवास होता. सांगायला जागा भरपूर होती. मग त्यांची पत्रं दोन ओळींची झाली, तुझी एका ओळीची, आणि आता त्या गेल्या. तुम्हा दोघी बहिणींना मी तोडलं.

तुला परत यायचं नसेल तर मी काही म्हणणार नाही. पण उत्तर पाठव.


१४ ऑक्टोबर

तुमचं दोन तारखेचं पत्र मिळालं. तुम्ही खरं लिहिलंत, एक वाक्य सोडून. ताईला तुम्ही 'ती नाही येऊ शकणार' एवढंच म्हणाला नव्हतात. तुम्ही म्हणालात, "ती म्हणते, दर वेळी मीच का?"

मला हे ताईने सांगितलेलं नाही. ठकीनेही नाही. तो तिसरा फोन मीच जोडला होता.

त्या आठवड्यात आम्हा नव्या मुलींना पहिल्यांदा परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर बसवलं होतं. शुक्रवारी दुपारची पाळी. दिवा लागला, पलीकडची ऑपरेटर म्हणाली अमुक गावाहून कॉल आहे, आणि तिने नंबर सांगितला. गाव आपलं, नंबर तुमच्या लॅबचा. मला वाटलं कोणाचे तरी दात असतील. मग ताईचा आवाज आला, "हॅलो, मी बोलतेय." ती नेहमी तसंच म्हणायची, जसं काही सगळं जग तिला ओळखतं. मी लॅबला लावून दिला. मालकांनी उचलला, तुम्हाला हाक मारली. दोन्हीकडचं बोलणं सुरू झालं की ऐकण्याचा खटका बंद करून आपण बाहेर पडायचं, हा नियम. मी नाही पडले. ताई म्हणाली, "काय म्हणाली ती? सोमवारी ऑपरेशन आहे हो." मग तुम्ही ते वाक्य बोललात, आणि मी खटका बंद केला.

ते वाक्य माझंच होतं. त्याआधीच्या नोव्हेंबरात ताईचं पत्र आलं होतं, ठकीला ताप आहे, चार दिवस येऊन जा. तेव्हा मी भाजी निवडता निवडता म्हणाले होते, दर वेळी मीच का? तुम्ही लक्षात ठेवलंत. त्यामुळे खोटं बोललात असं मला त्या क्षणी वाटलंच नाही. माझ्या मनातलं कोणीतरी मोठ्याने सांगून टाकलं, असं वाटलं. मागून मोठ्या बाई आल्या, म्हणाल्या, हात थांबवू नका. मी पुढचा कॉल घेतला. सहा वाजेपर्यंत काम केलं.

घरी येताना ठरवलं होतं की दारातच विचारायचं. तुम्ही पानं मांडून बसला होता. म्हणालात, कसा गेला दिवस? आणि माझ्याकडे नको इतका वेळ बघत राहिलात. मी म्हणाले, छान. जेवायला बसले आणि मग कळलं की मी विचारलं नाही तर मला जावंही लागणार नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी आपण बाजारात जाऊन पडद्याचं कापड आणलं. सोमवारी ताईचं ऑपरेशन झालं.

तुम्ही माझ्या रडण्याला घाबरलात. पण मी तर केव्हाच थांबले होते. तुम्हीच लिहिलंय की नोकरी लागल्यावर तुमचं जिन्यात थांबणं सुटलं. मग कशाची भीती होती? मला शहर आवडायला लागलं होतं. त्या खोलीसकट. ताईने मला वाढवलं, माझ्यासाठी तिची शाळा सुटली, हे आमच्या गल्लीत येता जाता मला कोणी ना कोणी ऐकवायचं. इथे कोणाला ठाऊक नव्हतं. बोर्डावर मी चौदा नंबर होते. चौदा नंबरवर कोणाचे उपकार नसतात. मला तिकडे जाऊन दवाखान्यात तिच्या उशाशी बसायचं नव्हतं, हे आता लिहिते आहे. तेव्हा स्वतःशीही म्हणाले नव्हते.

कार्ड आल्यावर "कळवायचं तरी" म्हणाले ते तुम्हाला ऐकवायला. तुम्ही मान खाली घातलीत आणि मला हलकं वाटलं. दोष तुमच्याकडे आहे, आणि तो तिथे नीट राहील, याची खात्री पटली. त्यानंतर मी तुमच्यावर जितक्या वेळा चिडले, छत्री विसरलात म्हणून, मीठ जास्त पडलं म्हणून, ते सगळं त्यावरूनच होतं. वाटायचं, एक दिवस तोंडावर फेकीन. तो दिवस आलाच नाही, कारण फेकलं असतं तर माझ्या हातात काही उरलं नसतं.

ठकीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, मला कोणी कळवलंच नव्हतं. तिने विश्वास ठेवला नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं. उत्तर मला माहीत होतं. मला ते तुमच्या अक्षरात हवं होतं, तिला दाखवायला. तुमचं पहिलं उत्तर काही कामाचं नव्हतं. दुसरं मात्र मला हवं होतं त्याहून चांगलं निघालं. सगळा दोष तुमचा, तुमच्या सहीची गरजही पडली नसती.

ते घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. ठकी ताईच्या औषधांच्या बाटल्या वेगळ्या करत होती. उरलेल्या चांगल्या असतील त्या दुकानात नेणार होती. औषधांच्या दुकानातच कामाला आहे ती. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने घडी उघडायच्या आत परत घेतलं.

कारण त्यातलं ते खोकल्याचं वाक्य. मला ते माहीत नव्हतं. मी त्याआधीच खटका बंद केला होता. साडेचार वर्षं मी धरून चालले होते की ताई चिडली असेल, काहीतरी कडू बोलली असेल. ती माझ्यावर रागावली आहे या आधारावर मी तिच्या दोन ओळींना एका ओळीने उत्तर देत आले. आणि ती विचारत होती, खोकला गेला का.

मग मी ठकीला सगळं सांगितलं. तुमचं आधी, मग माझं. उभ्यानेच. ती खाली बसली होती, बाटल्यांची झाकणं घट्ट करत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "आईने तुझी वाट बघितलीच नाही. फोन करून आली आणि म्हणाली, तिचं तिकडे बस्तान बसतंय, बसू दे. वाट मी बघितली. दवाखान्यातून रोज स्टँडवर जायचे, साडेतीनच्या गाडीला. मला वाटायचं, काकांनी नाही म्हटलं तरी मावशी येईल."

मी विचारलं, किती दिवस?

"आई घरी येईपर्यंत. अकरा."

त्यानंतर ती कामाला निघून गेली. जाताना माझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट दाखवून गेली, रोजच्यासारखं. पण त्या दिवसापासून माझ्याशी स्वतःहून बोलत नाही.

माझी रजा उद्या संपते. आजच्या गाडीने निघायचं ठरवलं होतं. पिशवी भरली होती. परवा ठकी भांडी विसळत होती तेव्हा मी विचारलं, मी जाऊ का? तिने मागे न बघता म्हटलं, "आधी कधी विचारलं होतंस?"

मी पिशवी रिकामी केली. मोठ्या बाईंना पत्र टाकलंय, इथल्या एक्सचेंजमध्ये बदली होत असेल तर बघा. छोटं आहे, तीन बोर्ड आणि एक खिडकी. नाही झाली तर नोकरी सोडीन. ठकी राहा म्हणालेली नाही. जा असंही म्हणालेली नाही. सकाळी ती जाते तेव्हा मी दार लावून घेते, संध्याकाळी उघडते. काल तिने आत येताना चपला माझ्या चपलांशेजारी काढल्या. त्याचा काही अर्थ लावत नाही. जागा तेवढीच आहे.

तुम्ही इतक्यात येऊ नका. आलात तर आपण पुन्हा एकमेकांकडे बघून गप्प बसू. ते आपल्याला चांगलं जमतं, आणि या पोरीच्या घरात ते नको.

इकडे थंडी सुरू झाली आहे. माझे गरम कपडे खालच्या पेटीत आहेत. पार्सलने पाठवा. वरच्या पेटीतले साधे कपडेही. माझे जे असतील ते सगळेच पाठवा.